हिरव्या फडक्याची खूण

गोव्यातल्या साखळीच्या बाजारात लाल बदाम पहिल्यांदा टांगलेले दिसले, तेव्हा मी आधी ते पदरानं पुसले आणि मग बघितले. आमच्याकडे तेव्हा सगळंच लाल असायचं. खाणीचे ट्रक दिवसभर धावायचे आणि दोरीवरचं धुणं, कुंपणावरची जास्वंद, माझ्या नाकावरचा रुमाल, सगळ्यावर एकच रंग चढायचा. त्यामुळे हे बदाम मुळातच लाल आहेत हे कळायला थोडा वेळ गेला. दुकानदार म्हणाला, "टीचर, वेलेंटाईनचे. पोरं घेतात." मी गंभीर चेहरा करून दोन घेतले. "शाळेत नमुना म्हणून," असं त्याला सांगितलं. तो हसला नाही, याचा मला अजून राग आहे.

मी शाळेत शिवण आणि हस्तकला शिकवायची. दर वर्षी त्या आठवड्यात माझ्या वर्गाला असा काही बहर यायचा की बाकीच्या शिक्षकांनी जळावं. एरवी एक काज चार वेळा उसवायला लावणाऱ्या मुली लाल कार्डबोर्डावर चमकी अशी चिकटवायच्या की मी डोळे मिटून घ्यावेत. कोणाला द्यायचं, हे मी विचारायची नाही. त्या मात्र मला विचारायच्या. "टीचर, तुमका कोण दिता?" मी छताकडे बघायची, एक हात छातीवर ठेवायची आणि म्हणायची, "ते सांगितलं तर त्याची नोकरी जाईल." वर्ग हसून लोळायचा. शिक्षकांच्या खोलीत ही बातमी माझ्या आधी पोचायची. तिथं मी तिला थोडं तिखटमीठ लावायची. देणारा कधी कस्टममधला अधिकारी व्हायचा, कधी बोटीवरचा.

घरी येऊन मी कुलूप उघडायची आणि दिवा लावायची. एकटीचा भात शिजायला किती कमी वेळ लागतो, हे एकट्या माणसालाच माहीत.

हे घर मी भाड्यानं घेतलं त्याला एकच कारण होतं. चढणीवर, माझ्या अंगणातून दिसेल असं, माझ्या मैत्रिणीचं घर होतं. आम्ही दोघी पेडण्याकडच्या पार्से गावच्या. एका बाकावर बसून शिकलो, एकीचे काजू दुसरीनं चोरले. ती लग्न होऊन साखळीला आली. दोन वर्षांनी मला इथंच नोकरी लागली, तेव्हा मी घर बघताना फक्त एवढंच विचारलं की तिचा दिवा इथून दिसतो का. दिसत होता.

पहिली काही वर्षं मजेत गेली. संध्याकाळी मी वर जायची, तिच्या सोप्यावर बसायची. आम्ही एक टेबलपोस विणायला घेतला होता, पांढऱ्या दोऱ्याचा, मधून सुरू करून गोल गोल बाहेर जाणारा. एक फेरी तिची, एक माझी. क्रोशाची सुई माझ्या आईची होती. तिची वीण घट्ट आणि माझी सैल, त्यामुळे तो टेबलपोस कधीच सपाट बसला नाही. मध्ये टोपीसारखा फुगायचा. "तुजो दोष," ती म्हणायची. "तुझी कंजुषी," मी म्हणायची.

मग भाषेचा वाद आला. त्या दिवसांत गोव्यात घराघरात काय झालं ते सांगायला नको. चहाच्या कपावरून माणसं उठून जायची. मी मराठीच्या बाजूची, ती कोंकणीच्या. गंमत अशी की मी मराठीची बाजू घेऊन भांडले तेही कोंकणीतूनच, कारण दुसऱ्या कुठल्या भाषेत मला नीट भांडताच येत नाही. एका संध्याकाळी ती म्हणाली, "आपली आई ज्या भाषेत आपल्याला हाक मारते तिला तू नाकारतेस?" आणि मी, टाळ्या मिळवायची सवय असलेली बाई, म्हणाले, "ती भाषा मासळी बाजारात शोभते. तिथंच राहू दे."

तिची आई पेडण्याच्या बाजारात बसत नव्हती, पण दारोदार सुकी मासळी विकून तिनं हिला शिकवलं होतं. हे मला माहीत होतं. तोंडातून वाक्य सुटल्यावर आठवलं.

ती उठली. मांडीवरचा टेबलपोस गुंडाळून आत गेली. पुढं गोवा राज्य झालं, कोंकणी राजभाषा झाली, मराठी शाळाही चालू राहिल्या, मोर्चे काढणारे एकमेकांच्या लग्नात जेवून आले. आम्ही दोघी मात्र बोललो नाही. मी ज्या मैत्रिणीसाठी त्या गावात राहिले, तिच्या दिव्याकडे बघून रोज संध्याकाळी मी खिडकीचा पडदा ओढत होते. एक 'चुकलं' म्हणायचं होतं. तेरा वर्षं ते माझ्या जिभेवर बसून होतं.

तेराव्या वर्षीच्या त्या फेब्रुवारीत मला खोडी सुचली. मी पत्र्याचं काम करणाऱ्याकडे गेले आणि तेलाच्या डब्याच्या पत्र्याचा बदामाच्या आकाराचा साचा करून मागितला. त्यानं कागदावरचं चित्र उलटसुलट करून बघितलं. "पिंपळाचं पान नी? कसली पूजा, बाय?" मी म्हटलं, "हो, पूजाच. घरचीच देवी आहे. कोणी विचारत नाही बिचारीला." त्यानं भक्तिभावानं पान करून दिलं, देठासकट. देठ मी घरी आल्यावर कापला.

मी बात्क, म्हणजे आमच्याकडचा केक, करायचं ठरवलं होतं. रवा, ओल्या नारळाचा चव, लोणी, अंडी, साखर आणि वेलची. साखर मी जरा सढळ हातानं घातली, कारण खाणारी मीच होते. हो, ते बात्क मी माझ्यासाठीच केलं होतं. चौदा तारखेला सकाळी चहाबरोबर टेबलाशी बसून, चांगली साडी नेसून, अख्खा बदाम एकटीनं खायचा आणि मग शाळेत जाऊन कस्टमच्या अधिकाऱ्यानं काय पाठवलं त्याचं वर्णन करायचं, असा बेत होता.

माझ्याकडे भट्टी नव्हती. कोणाकडेच नव्हती. आमच्याकडची रीत अशी की पोदेराचे, पाववाल्याचे, पाव भाजून झाले की त्याच्या फोर्नात, म्हणजे भट्टीत, ऊब उरते, तिच्यात शेजारपाजारच्या बायकांचे बात्काचे पत्रे ठेवायचे. संध्याकाळी पत्रा नेऊन द्यायचा, सकाळी पाव घेऊन येताना पोदेर तो सायकलवरून दारात आणून देतो. कोणाचा पत्रा कुठला हे कळावं म्हणून प्रत्येक घर आपल्या पत्र्याला एक फडकं बांधतं. कोणाचं लाल, कोणाचं चौकड्यांचं. पोदेर नावं लक्षात ठेवत नाही, फडकी ठेवतो.

मी पहिल्यांदाच पत्रा देत होते. चिंध्यांच्या पिशवीत हात घातला आणि एक हिरवा तुकडा हाती आला, त्यावर पिवळे ठिपके. जुन्या ब्लाऊजचा. पेडण्याच्या जत्रेत घेतलेलं कापड, तिनं आणि मी एकाच ताग्यातून. तो तुकडा मी का ठेवला होता, ते मला विचारू नका. बांधला आणि फोर्नावर गेले. पोदेर नव्हता, त्याच्या बायकोनं पत्रा घेतला.

सकाळी मी साडी नेसून, केसात अबोलीची फाती माळून फाटकाशी उभी. पोदेराचा भोंगा, पोंपों, वाजला. पोदेरानं मला दोन उंडे पाव दिले आणि सायकल वळवली.

"अरे, माझं बात्क?"

"तुजें खंयचें, टीचर? तूं दिना न्ही केन्नाच."

"काल दिलं. हिरव्या फडक्याचं. पिवळे ठिपके."

त्यानं सायकल उभी केली. टोपी काढली. "सायबा! तें हांवें वयर दिलें." त्यानं चढणीकडे बोट केलं. "तें लुगट तिचें. वर्सां जालीं, भुरग्यांच्या वाडदिसाक ती तेंच बांदता. आकार वेगळो दिसलो, म्हळें नवो पत्रो घेतला."

मी हातातले उंडे पदरानं पुसायला लागले.  त्या ताग्यातला तिचा तुकडाही तिनं ठेवला होता आणि मुलांच्या वाढदिवसाला पत्र्याला तोच बांधत होती, हे मला तिथं रस्त्यावर, पोदेराकडून कळत होतं. आणि तिच्या हातात आत्ता, याच क्षणी, माझ्या हिरव्या फडक्यानं बांधलेला एक भलामोठा बदाम होता. तिनं तो ओळखला असणार. फडकं तिचं नाही हे तिला कळणारच. तिचं तिच्या पत्र्याला होतं.

"वचून परत हाडूं?" पोदेर म्हणाला. "सांगता तिका, चूक जाली म्हूण."

मी चढणीकडे बघितलं. चूक झाली असं सांगितलं की सगळं होतं तसं राहिलं असतं. तेरा वर्षं होतं तसं.

"नाका," मी म्हटलं. "रावूं दी."

त्या दिवशी शाळेत मी सांगितलं की अधिकाऱ्याची बदली झाली.

आता सगळं त्या पत्र्यावर होतं. आमच्याकडे कोणाचं भांडं रिकामं परत पाठवत नाहीत. दोन मिरच्या, मूठभर तांदूळ, काहीतरी घालतातच. रिकामं भांडं पाठवणं म्हणजे दार लावणं. तेव्हा ती काय पाठवते यावरून मला कळणार होतं की माझ्यासाठी ते दार उघडं आहे की नाही. पहिल्या दिवशी पत्रा आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी रोज सकाळी पोंपों वाजायच्या आधी फाटकाशी. पोदेर लांबूनच मान हलवायचा. पाचव्या दिवशी म्हणाला, "टीचर, तूं पांव खातलीस काय वाट पळयतलीस?" वर तिच्या सोप्यावर तिची सावली दिसायची, वाकलेली, काहीतरी करत असलेली. माझं बात्क तिनं कुत्र्याला घातलं असेल, असं मी ठरवून टाकलं. मग कुत्र्याचाही हेवा वाटला.

नवव्या दिवशी पोदेराच्या सायकलच्या दांड्याला पत्रा लटकत होता. मी आत नेला, टेबलावर ठेवला. वर्तमानपत्रात काहीतरी मऊ गुंडाळलेलं होतं. उघडलं. टेबलपोस होता आणि त्यात माझ्या आईची सुई.

मी खुर्चीवर बसले. तुझं तुला, असंच मला वाटलं. उसनं घेतलेलं सगळं परत केलं की माणूस मोकळा होतो. रिकाम्या पत्र्यानं लागलं नसतं इतकं घट्ट दार तिनं भरलेल्या पत्र्यानं लावलं. मी टेबलपोस घडी करून कपाटात ठेवायला उचलला आणि सुई गळून पडू नये म्हणून बोट लावलं. सुई पडली नाही. तिच्यावर टाका होता. दोरा तोडलेला नव्हता, गाठ मारलेली नव्हती. टेबलपोस उजेडात धरला. तेरा वर्षांत तो पिवळट झाला होता, शेवटची फेरी सोडून. ती पांढरीशुभ्र होती, घट्ट, कंजूष, तिचीच.

आता फेरी माझी होती.

मी ती त्याच आठवड्यात विणली, नेहमीपेक्षाही सैल, आणि पुढच्या फेब्रुवारीच्या बात्काबरोबर वर पाठवली. आणि मग ते असंच सुरू झालं. फेब्रुवारीत माझा बदाम वर जायचा, महिन्या-दोन महिन्यांनी तिची फेरी खाली यायची. पोदेर आमचा पोस्टमन झाला. दोन पत्र्यांना एकच फडकं, म्हणून तो वैतागायचा. "एकल्यान तरी बदल गो लुगट." कोणीच बदललं नाही. "तुमी दोगांनीय जिबो गहाण दवरल्यात?" तो विचारायचा. मी त्याला म्हणायची, आम्ही एकमेकींच्या गुप्तहेर आहोत. पण खरं उत्तर मला माहीत होतं. ती फेरी पाठवून तिच्या बाजूचं करत होती. बोलायचं मी होतं, आणि मला दोरा पुरत होता, शब्द नाही. तिचा नवरा गेला तेव्हा मी वर गेले, बायकांमध्ये तिच्या शेजारी बसले. तिच्या गुडघ्याला माझा गुडघा लागला होता. सुतकाच्या घरात कोणी फार बोलत नाही, ही मला केवढी सोय झाली!

टेबलपोस एवढा वाढला की टेबल लहान पडलं. बसला मात्र कधीच नाही.

मग एका मे महिन्यात वर टेंपो लागला. तिची मुलगी तिला वास्कोला न्यायला आली होती. मी खिडकीत उभी. ती चढण उतरून आली, फाटक उघडलं, अंगणात आली. हातात माझा पत्रा, त्यात टेबलपोस. केस पांढरे झालेले मला पहिल्यांदाच इतक्या जवळून दिसले.

"साखर मातशी उणी घाल गो," ती म्हणाली. "आमचीं वयां जालीं."

वर्षानुवर्षं मुलींना, शिक्षकांना, पोदेराला रंगवून रंगवून सांगणारी मी म्हणाले, "बरें."

तिनं अजून थोडा वेळ वाट बघितली. मला ते कळलं. मग मुलीनं हाक मारली.

तिचं घर आता बंद असतं. संध्याकाळी दिवा नाही, तरी सवयीनं मी पडदा ओढते. पोदेर वास्कोपर्यंत सायकल नेत नाही, हे त्यानं मला न विचारता सांगितलं. मधली दोन वर्षं मी बदाम केला आणि फाटकाशी उभी राहून एकटीनंच खाल्ला. टेबलपोसाची माझी फेरी कितीदा विणली आणि उसवली, कारण ती पुरी झाली की तिची पाळी, आणि तिला ती कोण नेऊन देणार?

काल संध्याकाळी पत्रा फोर्नावर दिला, आज सकाळी आला. हिरवं फडकं आता धुऊन धुऊन कुठल्याच रंगाचं राहिलेलं नाही. फेरी पुरी केली आहे, सुईवर टाका ठेवला आहे. पणजीची बस साडेनऊला आहे, पुढं वास्कोची मिळते. दारात उभी राहून पहिलं काय म्हणायचं ते मी आरशासमोर पाठ केलं आहे: "साखर उणी घातल्या." त्यापुढचं वाक्य पाठ करायला घेतलं की मी रडते, म्हणून ते सोडून दिलं. ती एक तुकडा तोंडात टाकेल, माझी थाप पकडेल आणि म्हणेल, "फटी मारूं नाका गो." आणि मग मला ते पुढचं वाक्यही म्हणावंच लागेल.

साखर मी तेवढीच घातली आहे.