दोन्हीकडचा वारसा

केडगावात आमच्या शेजारी राहणारे गृहस्थ नागापूरला एका कारखान्यात लेथ चालवतात. हौस म्हणून त्यांना प्रोग्रॅमिंग शिकायचं होतं, पण पहिली भाषा ते मुलीला स्थळ बघावं तशी बघत होते. मी पडलो कॉम्प्युटरवाला, म्हणून रोज फाटकाशी मला गाठायचे. "जावा बरी का पायथन? घाई न्हाई, सावकाश सांगा." मी सांगितलं की "बघू" म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

एकदा मी बोलता बोलता म्हणालो, की प्रोग्रॅममध्ये क्लास म्हणजे एक साचा; एका क्लासचे गुणधर्म दुसऱ्याला मिळतात, त्याला वारसा म्हणतात. जावात तो एकाच क्लासकडून घेता येतो, पायथनमध्ये दोघांकडून.

ते थबकले. "म्हंजी आईकडचापन?"

"हो."

"मंग ठरलं. आमच्या आईनं जमिनीचं हक्कसोडपत्र मामांना दिल्यालं, एका साडीवर."

रविवारी त्यांनी पहिला प्रोग्रॅम दाखवला. क्लासचं नाव 'मी', पुढे कंसात आई, मग वडील.

मी म्हटलं, "दोघांचं जुळलं नाही, तर आधी लिहिलेल्याचं चालतं बरं का."

"ठाव हाय," ते म्हणाले. "म्हनून तर आईला आधी लिवलंय."