देवाला शिंक आली

कुंडलमध्ये मी एक दिवस देव होतो, आणि त्याच दिवशी माझी बायको दुसऱ्यांदा माहेरी गेली.

पहिल्यांदा गेली ती माझ्या तत्त्वांमुळे. युद्धाचे दिवस. रॉकेल मिळत नसे, अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं मात्र भरपूर! ती वाचून मी सुंदराच्या मंगळवारच्या उपासावर रोज व्याख्यान झोडायचो. (तेही तिनंच वाढलेलं जेवता जेवता!) शेवटी ती आटपाडीला निघून गेली. दोन महिने घरात बोलणारा मी आणि ऐकणाराही मीच.

त्या रिकाम्या घरात बौद्ध ध्यानावरचं एक पुस्तक हाती लागलं. मनाला मालक नाही. विचार येतात, जातात. नुसतं पाहत राहावं. ते शमतात, मग आनंदही ओसरतो, उरते समता. देव नाही, नवस नाही! मी ओसरीवर मांडी ठोकली. सूर्य मावळेपर्यंत हलायचं नाही, बोलायचं नाही, अशी प्रतिज्ञा.

दुपारी शेजारच्या पारूकाकूंनी पाहिलं.

"आगं बया! ह्याच्या अंगात आलं!"

घटकाभरात कपाळी मूठभर कुंकू, गळ्यात झेंडू, पुढ्यात सगळी गल्ली! मला संताप आला. पण संताप हाही एक विचारच, म्हणून मी त्याला जाऊ दिलं. तो गेला नाही.

तेवढ्यात दारात बैलगाडी थांबली. मेव्हणा तातोबा सुंदराला परत नांदायला घेऊन आला होता!

"आवं, मी आले," ती म्हणाली. सूर्य अजून मावळायचा होता. "बोला की! ऱ्हाऊ का जाऊ?"

"देवाला असं इचारत्यात व्हय?" पारूकाकू कडाडल्या. "कौल लाव!"

त्यांनी माझ्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली पाकळी चिकटवली. उजवी पडली तर राहायचं, डावी पडली तर जायचं.

कुठली समता! सगळं मन उजव्या खांद्यावर जाऊन बसलं. पड, बाई, पड! खांदा जरा हलवला असता तर काम झालं असतं. पण कौलाला मदत करणं माझ्या तत्त्वात बसेना. मी श्वास रोखला. कपाळावरचं कुंकू नाकात गेलं आणि मला शिंक आली.

डावी पडली.

"शिंक होती ती!" मी प्रतिज्ञा मोडून ओरडलो.

"दाजी," तातोबा म्हणाला, "आता देवाच्या मधी बोलू नगा."

सुंदरा गाडीत चढली. "एक शब्द मागितला, तर फूल पाडलंसा," एवढंच बोलली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावची चार माणसं नारळ घेऊन हजर. "तुमचा कौल लय खरा म्हनं. बाई खरंच गेली!"

मी त्यांना अंधश्रद्धेवर तासभर झोडपलं. (दोन महिन्यांत पहिल्यांदाच कुणी ऐकत होतं!) बिचारी जायला उठली, तेव्हा मीच म्हणालो, "बसा की अजून जरा. वाटल्यास कौल लावू!"