पुढचं स्प्रॉकेट कोण बदलतंय?

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आधीच सांगतो, म्हणजे खाली 'अमक्या बाबांकडे जा' असले सल्ले नकोत. तसा माझा माणसांवरही फारसा विश्वास नाही... पण तो वेगळा विषय.

मी राहतो बिबवेवाडीत, नोकरी खराडीच्या एका आयटी पार्कात. बायको रोहिणी मूळची अकोल्याची. मागच्या वर्षी बाइकमध्ये थोडं मॉडिफिकेशन करायचं डोक्यात आलं. टायरमध्ये पंक्चरचं सीलंट भरायचं आणि पुढचं स्प्रॉकेट बदलायचं. स्प्रॉकेट म्हणजे चेन जिच्यावरून फिरते ती दातेरी चकती. पुढची चकती एक दात मोठी बसवली की टॉप स्पीड वाढतो, पिकअप जरा मरतो. रोहिणीचा सक्त विरोध. "नगर रोडच्या ट्रॅफिकमध्ये टॉप स्पीडचं काय लोणचं घालणारेस?"

गॅरेजमध्ये काम चालू असताना मी स्टूल घेऊन समोर बसतो. सीलंटची सीलबंद बाटली मीच नेलेली. जुन्या स्प्रॉकेटवर नेलपॉलिशचा एक ठिपका, नव्यावर दोन. हातचलाखीला वाव नको. आणि जुना पार्ट कागदात गुंडाळून घरी आणायचा, नाहीतर तोच पुसून दुसऱ्याच्या गाडीत जातो. आमचे मेकॅनिक दिलीपभाऊ वैतागून म्हणाले, "साहेब, दोघांचं आधार कार्डपण काढून घ्या."

चार-आठ दिवस गाडी मस्त पळाली. मग एका सकाळी स्पीड घेतला, तर जुन्या स्प्रॉकेटवर व्हायची तीच इंजिनची बोंब! तडक दिलीपभाऊंकडे गेलो. कव्हर उघडलं... आत एका ठिपक्याचं जुनं. घरी येऊन कपाटातली पुडी सोडली, तर त्यात नवं.

दिलीपभाऊ काही माझ्या कपाटापर्यंत पोचणार नाहीत. मग उरलं कोण? घरात आम्ही दोघंच. रोहिणीच्या वडिलांचं गॅरेज होतं, पाने-स्पॅनर तिला नवीन नाहीत. जेवताना मी तिच्या नखांकडे बघत होतो, ग्रीस दिसतंय का म्हणून. तिच्या लक्षात आलं.

"काऊन असा पाहून रायला?"

मी सरळ विचारून टाकलं. ती ताटावरून उठली. चिडली की तिची वऱ्हाडी सुटते, पण या वेळी ती अगदी शांत, पुस्तकी मराठीत बोलली आणि तेच जास्त लागलं. "मला बदलायचं असतं ना, तर तुझ्या डोळ्यांदेखत बदललं असतं." दुसऱ्या दिवशी ती अकोल्याला निघून गेली. परत कधी येणार, काही सांगितलं नाही. घर अक्षरशः खायला उठलं.

मी हट्टाने नवं पुन्हा बसवून घेतलं. जुनं या वेळी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवलं, किल्ली माझ्या खिशात. खरं सांगू? ते पुन्हा बदलावं असंच मला वाटत होतं... रोहिणी इथे नसताना. म्हणजे ती तरी सुटली असती.

सोमवारी खराडीच्या पार्किंगपर्यंत गाडी नव्यावरच आली. शपथेवर सांगतो, तो फरक अंगाला कळतो. वर जाऊन ड्रॉवर उघडला. आत दोन ठिपक्यांचं नवं. चेनचं तेल लागलेलं, आणि हात लावला तर गरम! तसाच खाली पळालो. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला बोलावून कव्हर खोललं. आत जुनं... कोरडं, थंडगार. सिक्युरिटीच्या हातापाया पडून कॅमेऱ्याचं फुटेज पाहिलं. गाडीजवळ कोणी फिरकलंसुद्धा नव्हतं.

तिथूनच रोहिणीला फोन लावला. सगळं सांगितलं, माफी मागितली, रडलोसुद्धा. तिने ऐकून घेतलं.

"गाडीची चावी कोणाकडे होती?"

"माझ्याकडे."

"आणि ड्रॉवरची?"

"माझ्याकडेच."

"मग आता मी कोणावर संशय घेऊ, सांग."

ती परत आली, नशीब माझं. नवं स्प्रॉकेट भंगारात गेलं आणि त्यानंतर काही घडलं नाही. फक्त हल्ली झोपायच्या आधी रोहिणी बाइकची चावी हळूच आपल्या उशीखाली सरकवते. मला ते कळलंय, हे तिला माहीत नाही. ती झोपली की चावी तिथे आहे ना, हे मीच चाचपून बघतो, आणि मगच मला झोप लागते.