न पाहिलेल्या सिनेमावरचं माझं व्याख्यान

आमच्या परभणीत कार्यक्रम आधी होतो आणि ज्यासाठी कार्यक्रम असतो ते नंतर. पुस्तकाचं प्रकाशन असलं की ते न वाचलेले चार जण त्यावर बोलतात आणि वाचणारा एखादा मागं खुर्च्या लावत असतो. आमच्या चित्रपट मंडळानं एक प्रायोगिक मराठी सिनेमा दाखवायचं ठरवलं, तेव्हाही हीच रीत पाळली गेली. पत्रिकेत सकाळी दहाची वेळ छापली होती. प्रमुख पाहुणे बाराला आले. तोवर लोक पांगू नयेत म्हणून मंडळाच्या अध्यक्षांनी, म्हणजे आमच्या निवृत्त प्राध्यापकांनी, मसालेभात आणि मठ्ठा आधीच वाढायला लावला. मग समई पेटली, शाली झाल्या. पाहुण्यांनी सिनेमाला ‘मराठवाड्याच्या मातीचा हुंकार’ म्हटलं आणि दुसऱ्या कार्यक्रमाला निघून गेले. सिनेमा पुण्याच्या पोरांनी कोकणात काढलेला होता.

पडदा उजळला तेव्हा एक वाजून गेला होता. एप्रिल महिना, पोटात मसालेभात आणि कूलरचं तोंड नेमकं माझ्याकडं. मी रांगेच्या टोकाला बसलो होतो. माझ्या डावीकडं माझा चाळीस वर्षांपासूनचा मित्र, आणि त्याच्या पलीकडं भिंत. तो पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झाला, मी शाळेतून. बायको मागच्या रांगेत होती.

सिनेमात एक म्हातारा गुडघाभर पाण्यात लोखंडी खुर्ची टाकून बसला होता. त्याच्यापुढं पाण्यातच एक दार उभं होतं. भिंत नाही, छप्पर नाही, नुसती चौकट आणि दार. म्हातारा उठायचा, कडी वाजवायचा, कुणी उघडलं नाही की परत येऊन बसायचा. मधेच एक म्हैस जिना चढायची. बँडवाले गाल फुगवून वाजवायचे आणि आवाज यायचा कांदा चिरण्याचा. बोलणं सगळं मराठीत होतं, त्यामुळे राग जास्त येत होता. परक्या भाषेतला सिनेमा कळला नाही तर माणूस भाषेवर ढकलून मोकळा होतो. म्हातारा तिसऱ्यांदा कडी वाजवायला उठला, इथपर्यंत मला आठवतं.

पुढचं एकदम टाळ्यांचं आठवतं. डोळे उघडले तर दिवे लागले होते आणि शेजारची खुर्ची रिकामी होती.

बाहेर अंगणात तोवर दोन तट पडले होते, कळलेल्यांचा आणि न कळलेल्यांचा. कळलेल्यांत पुन्हा भांडण. एक डॉक्टर म्हणाले, म्हैस म्हणजे वासना. एक वकील म्हणाले, म्हैस म्हणजे व्यवस्था. दुधाचा धंदा करणारे आमचे एक सभासद म्हणाले, ‘‘मुऱ्हा हाय ती. गाभण हाय. गाभण जनावराला जिन्यावर चढवणाऱ्याला हाणलं पायजे.’’ सगळ्यांत नीट सिनेमा त्यांनीच पाहिला होता, पण त्यांना माईक कुणी दिला नाही.

माझा मित्र फाटकाजवळ रस्त्याकडं तोंड करून उभा होता. मी जवळ गेलो तर वळला नाही. ‘‘बकवास,’’ म्हणाला. ‘‘लोकायला येडं समजायलेत.’’ तेवढ्यात अध्यक्ष आले आणि त्यांनी सगळ्यांदेखत मला विचारलं, ‘‘तुम्हाला कसा वाटला?’’

तेव्हाच ‘झोप लागली’ म्हणालो असतो तर हसण्यावारी गेलं असतं. पण पस्तीस वर्षं मी वर्गात झोपणाऱ्या पोरांना बाकावर उभं केलेलं. मी म्हणालो, ‘‘अंतर्मुख करणारा अनुभव.’’ झोपेइतकं अंतर्मुख करणारं दुसरं काय असतं? अध्यक्षांना ते शब्द इतके आवडले की मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांनी ते माझ्या नावानिशी टाकले, आणि मी कळलेल्यांच्या तटाचा पुढारी झालो.

त्याच संध्याकाळी मित्रानं ग्रुपवर लिहिलं, ‘असला सिनेमा पुन्हा आणू नका.’ मला गप्प बसवलं नाही. मी लिहिलं, ‘पाटबंधारे खात्यात जन्म काढलेल्यांना पाण्याची पातळी मोजता येते, कलेची नाही.’ धडाधड अंगठे पडले. अध्यक्षांनी फुलांचा गुच्छ पाठवला. दहा मिनिटांनी ग्रुपवर दिसलं की मित्र बाहेर पडला आहे. त्या रात्री मी स्वतःवर भलताच खूश होतो, हे कबूल करायला हवं.

दुसऱ्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. मैदानावर पहाटे फिरायला दोघंही जायचो, पण तो उजवीकडून फेरी सुरू करायचा आणि मी डावीकडून. त्यामुळे अबोला धरूनही प्रत्येक फेरीत दोनदा समोरासमोर येणं व्हायचं. दोघांपैकी एकालाही दिशा बदलायची अक्कल सुचली नाही.

इकडं माझी कीर्ती वाढत चालली. मानवतच्या एका मंडळानं मला या सिनेमावर बोलायला बोलावलं, मग सेलूच्या. पुण्याच्या पोरांनी मंडळाला पाठवलेली सिनेमाची लिंक एका दिवसापुरती होती, ती बंद झालेली. म्हणजे मला खोटं पाडायला सिनेमाच उरला नव्हता. डॉक्टरांची वासना घेतली, वकिलांची व्यवस्था घेतली, वर थोडं तुकाराम-ज्ञानेश्वर शिंपडलं आणि दीड तासाचं व्याख्यान तयार झालं. श्रोत्यांनीही तो पाहिलेला नसायचा, त्यामुळे आमचं छान जमायचं. बायको मात्र माझ्या कुर्त्याला इस्त्री करता करता विचारायची, ‘‘आज कुठल्या भागावर बोलणार? घोरण्याच्या आधीच्या, की नंतरच्या?’’

तिसरं व्याख्यान पूर्ण्याला होतं, एका वाचनालयात. पूर्णा रेल्वेचं गाव, त्यामुळे श्रोत्यांत निवृत्त गार्ड आणि तिकीट तपासनीस बरेच. मी आत्म्याबद्दल बोलत होतो आणि ते घड्याळ बघत होते. म्हशीवर येऊन मी श्वास घेतला तेव्हा शेवटच्या रांगेत माझा मित्र दिसला. माझ्या तोंडचं पाणी पळालं. तीस किलोमीटर येऊन हा माणूस माझी फजिती करणार, यात मला शंका उरली नाही.

प्रश्नोत्तरं सुरू होताच त्यानं हात वर केला. उभा राहून अगदी हळू म्हणाला, ‘‘शेवटी त्या म्हाताऱ्याला दार उघडतं का?’’

मला काय माहीत? अंगणात सगळे म्हशीवरच तुटून पडले होते, म्हाताऱ्याचं पुढं काय झालं हे कुणी बोललंच नव्हतं. मी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणालो, ‘‘हा प्रश्न दिग्दर्शकानं प्रेक्षकांवर सोडलेला आहे.’’ टाळ्या पडल्या. तो खाली बसला.

परतीच्या पॅसेंजरमध्ये तो मला खिडकीशी दिसला. त्यानं पिशवी मांडीवर घेऊन जागा केली, म्हणून मी बसलो. गाडी हलल्यावर तोच बोलायला लागला. बोलताना माझ्याकडं बघत नव्हता.

‘‘आमचं गाव येलदरीच्या पाण्यात गेलं, तुला ठावं हाय.’’

ठाऊक होतं, म्हणजे कागदापुरतं. धरणग्रस्ताच्या दाखल्यावर त्याला पाटबंधारे खात्यात नोकरी लागली, एवढंच. चाळीस वर्षांत पुढचं मी विचारलं नव्हतं.

‘‘उन्हाळ्यात पाणी हटलं की बा मला घेऊन जायचा,’’ तो म्हणाला. ‘‘घराचं जोतं उघडं पडलेलं राहायचं. भिंत न्हाई, काई न्हाई. पण दार जितं होतं तितं बा चपला काढून उभा राहायचा. आत पाय टाकायचा न्हाई. जरा थांबून म्हणायचा, घरात कुणी न्हाई वाटतं. अन् वापस फिरायचा. दर साली. त्या दिवशी पडद्यावर मला बाच दिसायला लागला. बसवंना गेलं, म्हणून उठलो.’’

त्यानं मांडीवरची पिशवी सरळ केली.

‘‘सभेत बोललास ते जाऊ दे. मला खरं सांग. उघडतं का दार?’’

इतक्या गावांत मी त्या सिनेमाबद्दल खोटं बोललो होतो, पण जीभ अडखळली ती तेव्हाच. तरी म्हणालो, ‘‘उघडतं. अगदी शेवटी. म्हातारा आत जातो.’’

‘‘आत काय हाय?’’

‘‘चूल पेटलेली असते. कुणीतरी भाकरी थापत असतं, आपल्याकडं पाठ करून.’’

मिरखेल स्टेशन गेलं तरी तो बाहेरच बघत होता. पिंगळी आल्यावर ‘‘बरं झालं,’’ म्हणाला, इतकंच.

परभणीला उतरलो. जिना चढून बाहेर आलो, रिक्षावाल्यांनी घेरलं. आपला रस्ता धरायच्या आधी त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

‘‘मी उठून चाललो तवा तुझे पाय वलांडून गेलतो,’’ तो म्हणाला. ‘‘तू घोरायलतास.’’

मी म्हणालो, ‘‘मग मला कशाला विचारलंस?’’

‘‘दुसऱ्या कुणाला इचारू?’’ तो म्हणाला, आणि रिक्षात बसून गेला.

मी तिथंच उभा राहिलो. एक रिक्षावाला ‘‘कुटं जायचं, सर?’’ म्हणून दोनदा विचारून गेला. मला लाज वाटत होती, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच डोकं चालत होतं. म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्या संध्याकाळी मी सगळ्यांसमोर त्याची पातळी काढली, अंगठे पडत होते, गुच्छ येत होते, आणि मोबाइल त्याच्याही हातात होता. ‘गुरुजी झोपले होते’ एवढं लिहिलं असतं तरी परभणीत मला तोंड दाखवायला जागा उरली नसती. त्यानं ते लिहिलं नाही. ग्रुप सोडला.