सासूबाईंनी काढायला लावलेलं गाणं

गाणी ऐकायचा छोटा गोल स्पीकर घरात आला, तेव्हा तो स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवायचा हे सासूबाईंनीच ठरवलं. "संध्याकाळी सारे इथंच तं असतो," त्या म्हणाल्या. सारे म्हणजे आम्ही तिघी. मी रोज आमच्या इकडच्या, विदर्भातल्या मालेगावहून वाशिमला कचेरीत जाते, नवरा कारंज्याला नोकरीला असतो आणि शनिवारी घरी येतो. मुलगी दहा वर्षांची. सासूबाई सत्तरीच्या, आयुष्यभर शेतात राबलेल्या.

मी कामावरून आले की फोनवर गाण्यांची एखादी तयार यादी लावून द्यायची आणि पोळ्यांना लागायची. यादीत काय आहे ते मी कधी पाहिलं नाही. हात पिठात असायचे, डोकं कचेरीत.

पौर्णिमेला विहारात वंदना झाली की शेजारच्या चार-सहा जणी आमच्याकडे चहाला येतात. अशाच एका पौर्णिमेला पोरगी सगळ्यांना कप नेऊन देत होती आणि देता देता गात होती. त्यातली एक ओळ कानावर आली आणि माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली. शिवी होती, आणि ती साधीसुधी नव्हती.

एका म्हातारीला कमी ऐकू येतं. ती म्हणाली, "काय म्हणते वं पोरगी? मोठ्यानं म्हण ना जरा."

पोरीने ओळ पुन्हा म्हटली. खणखणीत, एक हात वर करून. दोघी-तिघींनी तोंडाला पदर लावला. म्हातारी मात्र मान डोलवत म्हणाली, "आवाज चांगला हाय हो पोरीचा."

बायका गेल्यावर मी मुलीला विचारलं, "कुठे शिकलीस हे?"

"स्पीकरवर लागतं ना आई. तूच तर लावते."



त्याच संध्याकाळी मी ॲपच्या सेटिंगमध्ये शिरले. आक्षेपार्ह गाणी बंद करायचं एक बटण असतं. ते दाबलं की ज्या गाण्यापुढे तशी खूण आहे ते लागत नाही. मी दाबलं, नवऱ्याला फोन करून त्याच्याही फोनवर दाबायला लावलं आणि मोकळी झाले असं समजले.

आठ दिवसांत कळलं की मोकळी वगैरे काही झाले नव्हते. बंद झाली ती बरीचशी इंग्रजी गाणी, जी आमच्या घरात कोणाला कळतच नव्हती. वरातीत डीजेवर वाजतात तसली आपली मराठी-हिंदी गाणी जशीच्या तशी राहिली, कारण त्यांच्यापुढे खूण करायची तसदी कोणी घेतली नव्हती. आणि काही गाण्यांत नको तो शब्द गाळून तिथे नुसती शांतता ठेवलेली. पोरगी नेमकी त्या शांततेपाशी थांबायची. "आई, इथे काय होतं?" म्हणून विचारायची. आधी जो शब्द तिच्या कानावरून वाहून गेला असता, त्याचा ती आता शोध घेऊ लागली.

शेवटी मी ठरवलं, आपली यादी आपणच करायची. एकेक गाणं ऐकायचं, ठेवायचं किंवा काढायचं. हिवाळ्याचे दिवस होते. पोरगी शिकवणीला गेली की मी आणि सासूबाई तुरीच्या शेंगा सोलायला बसायचो आणि मी गाणी लावायची. पहिल्या दिवशी त्या नुसत्या ऐकत होत्या. दुसऱ्या दिवसापासून निकाल द्यायला लागल्या.

दारूचं एक गाणं लागलं, चाल फार गोड. "काढ," त्या म्हणाल्या. "गोड हाय म्हणूनच काढ."

मग दीर-भावजयीच्या थट्टेचं एक आलं. मी लाजून पुढे ढकलायला गेले, तर त्या हसून हसून मागे रेलल्या. "अव, हे तं आमी लग्नात याच्या वरचं म्हणो!"

"मग ठेवू?"

"नको. लग्नात ऐकील ते पोरगी. रोज कायले?"

नंतर एक गाणं लागलं ते मला अगदी स्वच्छ वाटलं. शिवी नाही, दारू नाही, दुहेरी अर्थ नाही. मी ते ठेवलं. सासूबाई म्हणाल्या, "काढ ते."

"यात काय आहे आई?"

"पोरगी नाही म्हणून राह्यली ना त्यात. अन् हा आयकूनच नाही राह्यला."

मी गाणं पुन्हा लावलं. खरंच, तिच्या तोंडी नुसतं नाही-नाही होतं आणि त्याच्या तोंडी, तुझं नाही म्हणजे हो. शाळेत असल्यापासून ऐकत आले होते मी ते. माझं कधी लक्षच गेलं नव्हतं.

जुन्या सिनेमांच्या गाण्यांची एक यादी मात्र मी तपासायची नाही असं ठरवलं. आमच्या आईवडिलांच्या काळातली, रेडिओवर लागणारी गाणी. त्यांत काय तपासायचं? ती यादी मी बिनधास्त लावायची. त्यात एक गाणं होतं, चंद्राचं, वाऱ्याचं, कोणीही लहान मुलासमोर म्हणावं असं. ते लागलं की सासूबाई उठून मागच्या अंगणात जायच्या. एकदा गेल्या, मला वाटलं दोरीवरचे कपडे आणायला गेल्या. दुसऱ्यांदाही तसंच वाटलं. तिसऱ्यांदा मी मागे गेले. त्या दोरीवरचे कपडे काढत होत्या. तासाभरापूर्वी मीच वाळत घातलेले, ओलेच होते अजून. ओल्या लुगड्याचं पाणी त्यांच्या हातावरून कोपरापर्यंत गळत होतं.

"आई, ओले आहेत ते."

त्यांनी हातातल्या कपड्यांकडे पाहिलं. "व्हय की," म्हणाल्या आणि परत दोरीवर टाकायला लागल्या. आत गाणं चालूच होतं. मी आत जाऊन ते बंद केलं आणि बाहेर येऊन त्यांच्याजवळ उभी राहिले.  कपडे टाकता टाकता त्याच सांगू लागल्या.

त्यांचं माहेर किन्हीराजा गावाच्या बाजूचं. गावात शाळा चौथीपर्यंत. पाचवीपासून पुढच्या गावात जावं लागे, शेतांच्या मधून पायवाटेने. बरोबरच्या दोन मुलींनी पाचवीतच शाळा सोडली. सहावीत या एकट्या जाऊ लागल्या.

"एक जण होता," त्या म्हणाल्या. "मोठा होता माह्याहून. रोज मांगं मांगं ये अन् हे गाणं म्हणे. दुसरं काही नाही. कधी हात नाही लावला, वाईट बोलला नाही. म्या थांबली का तो थांबे. पळाली का तोही पळे. गाणं तेवढं चालू."

"घरी नाही सांगितलं?"

"काय सांगू? गाणं म्हणते म्हणून? सारेच म्हणत ते गाणं. रेडिओवर लागे. मायही म्हणे निंदताना."

हरभऱ्याच्या पेरणीच्या सुमाराला त्यांनी शाळा सोडली. पोट दुखतं म्हणाल्या, मग डोकं दुखतं म्हणाल्या, मग जायच्याच बंद झाल्या. त्यांच्या वडिलांना पोरगी शिकावी असं फार वाटे. स्वतः अंगठा उठवणारा माणूस, पण विहारात ऐकलेलं मनावर घेतलेलं. ते एकदा रागावले आणि पुन्हा कधी शाळेत जा म्हणाले नाहीत.

"मरेपर्यंत बा एकच म्हणे, म्या शिकवायले तयार होतो, हिलेच नाही शिकायचं होतं. अन् म्या व्हय म्हणो."

मला रडू आलं, त्यांना नाही. त्यांनी दोरीवरचा एक ओला टॉवेल माझ्या हातात दिला, मीच रडतेय हे पाहून. आम्ही दोघी हसलो.

आत आल्यावर मी फोन घेतला. ते गाणं काढणं तसं सोपं नव्हतं. मूळ गाणं, त्याचं नवं रूप, दुसऱ्या कोणी म्हटलेलं, नुसत्या बासरीवरचं. एकेक शोधून, हे लावू नको, हेही लावू नको, असं सांगावं लागत होतं. सासूबाई समोर बसून पाहत होत्या. मी मूळ गाण्यापाशी आले तेव्हा म्हणाल्या, "थांब. एकदा लाव ते."

"कशाला आई?"

"तो पहिलंच कडवं म्हणे. तेवढंच येत असन त्याले. मांगचं काय हाय ते म्या कधी आयकलंच नाही."

मी लावलं आणि आवाज बारीक ठेवला. पहिल्या कडव्याला त्यांनी डोळे मिटले. मी त्यांचा हात धरला. शेंगा सोलून बोटं खरखरीत झाली होती. दुसरं कडवं लागलं तसे त्यांनी डोळे उघडले आणि मान कलती करून ऐकलं, भाजीवालीचा भाव ऐकावा तसं. मग तिसरं. गाणं संपलं.

"चांगलं हाय वं," त्या म्हणाल्या. "मांगचं जास्त चांगलं हाय."

"मग ठेवायचं?"

त्यांनी नीट विचार केला. "नको. काढ."

मी काढलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ही गोष्ट नातीला स्वतःच सांगितली, पोळीचा घास हातात असताना, सहज सांगावी तशी. पोरीने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मग तू कुणालाच नाही सांगितलं?"

"नाही ना."

"मी तर सांगीन."

"सांगच. मले सांग, आईले सांग, मास्तरीणबाईले सांग. वाईट नसलं तरी सांग."

शनिवारी नवरा आला. रविवारी सकाळी न्हाणीघरातून पाण्याच्या आवाजाबरोबर तेच गाणं ऐकू आलं. तो ते नेहमीच गुणगुणतो. लग्न झाल्यापासून ऐकत होते मी. त्या सकाळी मात्र मी चुलीपाशी उभी राहून सासूबाईंकडे पाहत राहिले. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर केली नाही.

त्यांना विचारून मी त्याला सांगितलं. डोक्यावर टॉवेल तसाच ठेवून तो त्यांच्या शेजारी खाली बसला. मग म्हणाला, "माय, मी लहानपणापासून म्हणून राह्यलो हे. मले काहून नाही सांगितलं?"

सासूबाईंनी ताटातला एक खडा काढून बाजूला ठेवला.

"तुले आवडे ते," त्या म्हणाल्या. "अन् तू कधी मांगं मांगं येऊन नाही म्हटलं. मांडीवर बसून म्हणे."