पहिला घास कुणी घ्यायचा

आमच्या घरात स्वयंपाकाचा वास दिवसभर असायचा, जेवण मात्र असेलच असं नाही. इचलकरंजीत वडील दुसऱ्याच्या यंत्रमागावर कामाला होते आणि बाहेरगावाहून आलेल्या माग कामगारांचे डबे आई करायची. डबे गेले की उरेल ते आमचं. आम्ही हात धुतले की आई वडिलांचं ताट झाकून भिंतीला टेकून बसायची. ते आल्याशिवाय, त्यांचं झाल्याशिवाय तिचं जेवण नाही. तिला जेवताना मी फारसं पाहिलेलंच नाही. बसलेलं पाहिलंय.

मग धंद्याला मंदी आली, कामगार आपापल्या गावी गेले, डबे थांबले. आता उरायलाही काही राहिलं नाही. आई पिठाच्या डब्याचे कोपरे बोटांनी खरवडायची आणि मलाच दटावायची, "इकडं काय बघतीस? पुस्तकात बघ."

मी पुस्तकात बघितलं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी ताठ मानेने सांगते. शिष्यवृत्ती मिळवून फिल्म शिकायला इंग्लंडला आले. डिग्री मिळाली, नोकरी काही मिळेना. व्हिसा संपत आला होता. फोनवर आई विचारायची, "लागलीस का कुठं?" आणि मी म्हणायची, "लागेन." हे किती वेळा म्हटलं असेन कोण जाणे.

अशात एका कोरियन दिग्दर्शिकेला मदतनीस हवी असल्याचं कळलं. पन्नाशी उलटलेली, बारीक चणीची बाई. इतरांच्या फिल्मसाठी दिव्यांचे स्टँड उचलण्यापासून सुरुवात करून त्यांनी खाण्याच्या आणि प्रवासाच्या माहितीपटांत उभं आयुष्य काढलं होतं. मासेमारीच्या होड्या, डोंगरातल्या मठांची स्वयंपाकघरं, परदेशातले बाजार, सगळीकडे फिरल्या होत्या. त्यांच्या देशात त्यांचा कार्यक्रम घरोघरी बघितला जायचा. मग लोक फोनवर बघायला लागले आणि कार्यक्रम बंद पडला, म्हणून नव्याने सुरुवात करायला त्या इंग्लंडला आल्या होत्या.

पहिल्या भेटीत त्यांनी माझं सर्टिफिकेट बघितलंच नाही. "डिग्री सगळ्यांकडे असते," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "तुला ओझं उचलता येतं का?"

"पाण्याच्या घागरी उचलल्यात," मी म्हटलं.

"त्या परत खाली ठेवताना सांडायच्या?"

"नाही."

"मग ये."

त्यांच्याकडे दिग्दर्शकाला नावाने हाक मारत नाहीत. मी त्यांना 'बाई' म्हणायला लागले. आमच्याकडे शाळेतल्या शिक्षिकेला असं म्हणतात, हे सांगितल्यावर त्यांनी थोडा विचार करून मान डोलावली.

विषय त्यांचा होता: देश सोडून आलेली माणसं एकटी असताना काय जेवतात. एका वाहिनीने फिल्म बघू, आवडली तर घेऊ, असं सांगितलं होतं. केंब्रिजला संशोधन करणारी एक मुलगी शूट केली, पातेल्यातच नूडल्स खाणारी. बेसिंगस्टोकला ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून डबा खाणारा एक सॉफ्टवेअरवाला केला. बाईंचा एकच नियम होता. पहिला घास. तोंडात घास गेला की जो चेहरा होतो, तो खरा. त्याच्या आधीचं सगळं एडिटमध्ये कापायचं.

वाहिनीने ते बघून कळवलं की छान आहे, पण असं पुष्कळ बघून झालंय. आठवड्याभरात एक नवा प्रसंग पाठवा, नाहीतर आपण इथेच थांबू. बाईंनी ते वाचलं आणि फोन पालथा ठेवला. "हे गेलं तर मी परत जाणार. आणि पुन्हा कॅमेरा हातात घेणार नाही," त्या म्हणाल्या. माझं काय, ते त्यांनी विचारलं नाही. दोघींनाही ठाऊक होतं.

लेस्टरच्या काकू मला मराठी मंडळात भेटल्या होत्या. होजिअरीच्या कारखान्यात काम करून रिटायर झालेल्या, यजमान गेल्यापासून एकट्या राहणाऱ्या. त्यांनाच गळ घातली. जाऊन बघतो तर भरली वांगी, ज्वारीची भाकरी, ठेचा, वर लोण्याचा गोळा, आणि टेबलावर तीन ताटं!

"काकू, तुम्ही एकट्या जेवता तसं शूट करायचंय," मी म्हटलं.

"घरात पाहुणी असताना? वेडी का काय तू!"

बाई म्हणाल्या, हरकत नाही, मी समोर बसते, तू त्यांचा पहिला घास टिप. मी कॅमेरा लावला. वांग्यांवर वाफ होती. काकू हात मांडीवर ठेवून बाईंकडे बघत होत्या. बाई हात मांडीवर ठेवून काकूंकडे बघत होत्या.

"जेवा ना," काकू म्हणाल्या.

"आधी तुम्ही," बाई म्हणाल्या. त्यांच्याकडे वडीलधाऱ्याने चमचा उचलल्याशिवाय कुणी जेवणाला हात लावत नाही.

काकूंचं इंग्रजी चांगलं होतं, पण भांडायला त्यांना मराठीच लागायची. "अगं, सांग हिला, गार होतंय."

"काकू, त्या म्हणतात तुम्ही मोठ्या, तुम्ही सुरू करा."

"मोठी असले म्हणून पाहुणीला उपाशी ठेवून मी गिळू? आमच्यात नाही असली पद्धत."

मी दोघींना विनवलं. दोघी एकदम घ्या म्हटलं. दोघींनी भाकरीचा तुकडा मोडला, तो ओठांपर्यंत नेला, एकमेकींकडे पाहिलं आणि खाली ठेवला. लोणी वितळून ताटात पसरलं. खिडकीतला उजेड निघून चालला होता.

शेवटी काकू उठल्या. "गारढोण जेवायला घालू का मी?" ताटं उचलून त्या किचनमध्ये गेल्या. बाई मला म्हणाल्या, "बंद कर. संपलं," आणि त्यांच्या मदतीला गेल्या. मी ट्रायपॉड आवरत होते. आतून मायक्रोवेव्हचा आवाज आला आणि मग दोघींचं हसणं. जाऊन बघते तर ओट्याशी उभ्या उभ्या दोघी एकाच कढईतून खात होत्या! कोण आधी जेवलं, देव जाणे. कॅमेरा बंद होता.

परतीच्या ट्रेनमध्ये बाई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. मी आईला मेसेज लिहिला, बहुतेक परत येते. पाठवला मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी एडिटला बसलो तेव्हा त्या म्हणाल्या, "पुसून टाक."

मी म्हटलं, "नाही."

"यात कुणी जेवत नाहीये. जेवणाच्या फिल्ममध्ये जेवणच नाही? हेच शिकवलं तुला त्या डिग्रीत?"

ते मला लागलं. "डिग्रीत नाही, घरात शिकले," मी म्हटलं. "आमची आई अशीच बसायची, बाई. पुढ्यात अन्न आणि हात मांडीवर. तुम्ही जे कापता ना, ते आमच्याकडचं आख्खं जेवण असतं."

त्यांनी खुर्ची मागे घेतली आणि माऊस माझ्याकडे सरकवला.

मी ते वाट बघणं जवळजवळ न कापता ठेवलं. वाफ विरते, लोणी पसरतं, दोन म्हाताऱ्या हट्टाने एकमेकींचा मान राखत बसतात आणि शेवटी ताटंच उचलली जातात. प्रसंगाला मी 'दोन म्हाताऱ्या' असं नाव दिलं होतं. बाईंनी बघितलं, नाक पुसलं, "म्हातारी कोण?" एवढं विचारलं आणि फिल्म पाठवून दिली.

मग उत्तर येईना. बाईंनी सामान बांधायला काढलं. मी त्यांच्या किचनमध्ये भांडी घासायची, फोन बघायची, परत भांडी घासायची. आईला काय सांगायचं याची वाक्यं मनात जुळवायची आणि मोडायची. आठवड्याभराने त्यांनी मला हाक मारली आणि फोन पुढे धरला.

वाहिनीने फिल्म घेतली. काकूंच्या घरचा प्रसंग सुरुवातीलाच ठेवा, असं कळवलं. बाई परत गेल्या नाहीत, आता पुढची फिल्म करताहेत. मी त्यांच्याकडे पगारावर आहे आणि माझ्या व्हिसाचं काम झालं. फिल्मच्या शेवटी दिग्दर्शनाखाली दोन नावं येतात. दुसरं माझं आहे.