रोमचा पळालेला गुलाम आणि आमचा फवारणीचा पंप

लॉ कॉलेजच्या पहिल्या वर्षी मला रोमन लोकांचा भयंकर राग यायचा. दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांवर एवढं काय चिडायचं, असं सगळ्या मैत्रिणी म्हणायच्या. पण मी चिडायचे. माझा स्वभावच तसा आहे, चूक दुसऱ्याची असली की मला ती फार लवकर दिसते.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. आमचं घर वर्ध्याजवळ, सिंदी रेल्वे नावाच्या गावात. पुढे दुकान, मागे आम्ही, आणि गावाबाहेर कपाशीचं शेत. मी रोज पॅसेंजरने वर्ध्याला जायचे. बाबूजी फी भरायचे, पण त्यांचं मत ठरलेलं होतं. "कोर्टात जाऊन काय दिवे लावणार हाय ही?" असं ते आईला माझ्यासमोरच म्हणायचे. काय शिकतेस, हे त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. मी वरून बेफिकीर दाखवायचे आणि आतून जळायचे.

न्यायशास्त्र शिकवणारे आमचे सर ग्रीसबद्दल असं बोलायचे की जणू कालच आर्वीला जाऊन यावं तसे ते तिथून आलेत. ते म्हणायचे, ग्रीसमध्ये काही विचारवंत एका ओसरीत बसून शिकवायचे, म्हणून त्यांच्या पंथाला ओसरीवरूनच नाव पडलं, स्टोइक. त्यांचं म्हणणं असं की सगळं जग एकाच विवेकावर चालतं आणि त्याचा अंश प्रत्येक माणसात असतो. मालकात असतो तसाच गुलामात. म्हणजे खरा कायदा एकच, निसर्गाचा. तो एका गावाला एक आणि दुसऱ्या गावाला दुसरा असा नसतो, आणि राजा बदलला म्हणून बदलत नाही. हा विचार पुढे रोमला पोचला. रोमची माणसं व्यवहाराची, जमीनजुमला आणि गुराढोरांत रमणारी. पण त्यांच्या वकिलांना हे ग्रीक बोलणं आवडलं. त्यांनी आपल्या ग्रंथांत कायद्याचे तीन थर मांडले. एक निसर्गाचा, एक सगळ्या लोकांत रिवाजाने चालणारा, आणि एक आपल्या शहराचा.

"आणि त्यांनी लिहिलं," सर सांगायचे, "की निसर्गतः सगळी माणसं स्वतंत्र जन्मतात. गुलामी निसर्गाच्या विरुद्ध आहे. पण रिवाज आहे." त्यापुढे पानंच्या पानं होती. गुलाम विकायचा कसा, आजारी निघाला तर भरपाई कोणी द्यायची, पळाला तर काय करायचं.

माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पहिल्या पानावर खरं लिहायचं आणि दुसऱ्या पानापासून सोयीचं! हे मी घरी येऊन कोणाला सांगणार? भाऊला सांगायचे.

भाऊ म्हणजे आमचा सालदार. पाडव्याला साल ठरायचं, ते पुढच्या पाडव्यापर्यंत. वर्षभर शेताचं, बैलांचं, आणि आईने सांगितलेलं घरचंही काम. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा होता. आम्ही त्याला भाऊ म्हणायचो आणि तो मला वकीलबाई म्हणायचा, चिडवायला. आमच्या मागच्या ओसरीसमोर तो सकाळी बैलांसाठी कडबा तोडत बसायचा आणि मी ओसरीवर वही घेऊन. रोमन लोकांची ती दोन पानांची गोष्ट मी सांगितली तेव्हा त्याचा हात थांबला.

"म्हणजे त्याहिले मालूम होतं?"

"होतं ना! सोताच्या हातानं लेहून ठेवलं."

"मंग त लयच वाईट, बाई. मालूम नसतं त गोष्ट येगळी होती."

त्या हिवाळ्यात कॉलेजात वादाची स्पर्धा होती, लुटूपुटूचं कोर्ट. विषय सरांनी दिला. रोमन कायद्यात पळालेला गुलाम चोर समजत. त्याने चोरलं काय? स्वतःला. कारण तो मालकाची वस्तू. मला बाजू मिळाली गुलामाची. मी आठ दिवस ओसरीवर भाषण घोकलं, भाऊ न्यायाधीश. "माय लॉर्ड" म्हटलं की तो मिशीतल्या मिशीत हसायचा. निसर्गाचा कायदा, विवेकाचा अंश, सगळं मी जोरजोरात म्हणायचे, पण शेवट काही केल्या जमत नव्हता.

एक दिवस तोच म्हणाला, "आता त्या माणसाचे हातपाय त्याच्या मायनं देल्ले. मालकानं थोडीच देल्ले? तो आपले हातपाय घेऊन गेला. ज्याचं त्यानं नेलं, त चोरी कायची?"

मी ते जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं. मग तो सहज विचारल्यासारखं म्हणाला, "मंग बाई, म्या समजा साल अर्धं टाकून गेलो, त मी चोर होतो का?"

"छे! तुमी का कोणाचे गुलाम आहा? काम सोडलं म्हणून कोणी चोर नाई होत."

"लेहून देता का?"

"देईन ना. वकील झाल्यावर."

दोघंही हसलो. तो कडबा झटकून उठला.

त्याच आठवड्यात फवारणीचा पंप बिघडला. बाबूजी अमरावतीला लग्नाला गेले होते. आई म्हणाली, तू रोज वर्ध्याला जातेसच, तर टाकून ये दुरुस्तीला. पंप जड, म्हणून भाऊ बरोबर आला. त्याने तो खांद्यावरून उतरवून दुकानात ठेवला. दुकानदार म्हणाला, सामान नागपूरहून येईल, पंधरा दिवस लागतील. त्याने पावती दिली आणि मी ती न्यायशास्त्राच्या वहीत ठेवली. बाबूजी परत आले तेव्हा सांगायचं राहून गेलं, आईही विसरली. फवारणीचे दिवस संपलेच होते.

स्पर्धा मी जिंकले. शेवटी भाऊचंच वाक्य म्हटलं, शुद्ध मराठी करून. टाळ्या पडल्या. सर म्हणाले, "हा युक्तिवाद कुठल्या पुस्तकातला?" मी म्हटलं, "माझाच आहे, सर." हे माझं पहिलं खोटं. लहान होतं, म्हणून सहज जमलं.

त्यानंतर चारच दिवसांनी भाऊ गेला. ऐन वेचणीत. रात्रीबेरात्री पळून नाही, दुपारी बैलांना पाणी दाखवलं, आईला "जातो" म्हणून सांगितलं आणि गेला. वर्ध्याला एका खाजगी वसतिगृहात चौकीदाराची जागा मिळाली होती त्याला. राहायला खोली, बायकोला तिथेच स्वयंपाकाचं काम. आगाऊ उचल त्याने घेतलेली नव्हती, आमचं काही अडकलेलं नव्हतं. पण शेतात कापूस पांढराफेक फुटलेला आणि सालदार नाही, म्हणून बाबूजी नुसते पेटले होते.

संध्याकाळी त्यांनी मला दुकानात बोलावलं. गादीवर बसवलं. गादीवर! आयुष्यात पहिल्यांदा.

"तू कायदा शिकून राह्यली ना? मंग सांग, याच्यावर केस कशी होते?"

मी पाठ ताठ करून बसले. सांगितलं की साल सोडणं हा गुन्हा नाही, फार तर दिवाणी दावा होईल आणि त्यात वर्षं जातील. अगदी सरांसारखं सांगितलं. बाबूजी लक्ष देऊन ऐकत होते, दुकानातला माणूसही ऐकत होता.

"मंग गुन्हा कायनं होते?"

"चोरी केली असती त झाला असता."

माझ्या तोंडून हे निघालं आणि बाबूजी थांबले. मग म्हणाले, "फवारणीचा पंप दिसून नाई राह्यला लय दिवसाचा."

पावती वहीत होती. वही माझ्या मांडीवर होती. एक वाक्य बोलायचं होतं फक्त, बाबूजी, पंप मी टाकलाय दुरुस्तीला. पण बोलले असते तर मी गादीवरून उठून पुन्हा आत गेले असते, चहा ठेवायला. खरं सांगते, मला तेवढंच दिसलं. बाबूजींनी माझ्यापुढे कागद सरकवला आणि मी भाऊने पंप चोरल्याचा, ठाण्यात द्यायचा अर्ज लिहिला. दहा मिनिटांत. किती सुंदर लिहिला! तारीखवार, मुद्देसूद, 'सदर इसम' वगैरे. बाबूजींनी तो दोनदा वाचला आणि दुकानातल्या माणसाला म्हणाले, "पाह्यलं? पोरगी कामाची हाय आपली." त्या रात्री मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

तिसऱ्या दिवशी एक हवालदार घरी आला. भाऊला ठाण्यात बोलावून घेतलं होतं. हवालदाराने चहा घेतला आणि म्हणाला, "तो म्हणते, पंप दुरुस्तीले टाकला. म्हणते, वकीलबाई संगं होत्या, त्याहिलेच इचारा. त्या सांगतीन."

बाबूजींनी माझ्याकडे पाहिलं. आईने खाली पाहिलं. तिलाही माहीत होतं, पण आमच्या घरी बाबूजींसमोर आई बोलत नसे, आणि तिने माझ्यावर सोडलं असावं. मी शिकलेली ना!

"मले आठवत नाई," मी म्हटलं.

बस. एवढंच म्हटलं. नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. साक्ष देताना अडचणीचं आलं की असं म्हणायचं, हे तेव्हा मला कोणी शिकवलेलंही नव्हतं.

वर्ध्याच्या दुकानात जाऊन विचारायचे कष्ट कोणी घेतले नाहीत, आणि केसही काही झाली नाही. पण चोरीच्या अर्जात नाव असलेला चौकीदार कोण ठेवणार? वसतिगृहाने त्याला आठवड्यात काढलं, बायकोलाही. पंप मी गुपचूप सोडवून कसाबसा वाहून आणला आणि गोठ्यात कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगाआड ठेवला. तो सापडला तेव्हा बाबूजी "हाय वाटते अठीच" म्हणाले आणि हिशोब संपला. अर्ज मागे घ्यायला कोणी ठाण्यात गेलं नाही. मीही नाही.

पुढे मी वकील झाले. वर्ध्याच्या कोर्टात माझं टेबल लागलं. बाबूजी गेले. रोमन लोकांवर चिडायचं मी कधीच सोडून दिलं होतं, कोणत्या तोंडाने चिडणार? त्यांनी निदान पहिलं पान तरी लिहिलं होतं.

आणि दहा-अकरा वर्षांनी, उन्हाळ्याच्या एका सकाळी, कोर्टाच्या व्हरांड्यात तो माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. मिशी पांढरी झालेली. मी खुर्ची दिली तर बसेना.

"बुटीबोरीले होतो, कंपनीत, मजुरीनं," तो म्हणाला. "आता पोरीची सोयरीक जमून राह्यली. पोरगं चांगलं हाय. पण कोनं तरी त्याहिच्या कानावर घातलं, का पोरीच्या बापावर चोरी होती. ते लोक म्हणतात, कागद दाखवा." मग थोडं हसला. "तुमी म्हटलं होतं, वकील झाल्यावर लेहून देईन."

मी "हो हो, आत्ताच" म्हणत कागद ओढला. लिहिलं की सदर इसमाविरुद्ध गैरसमजातून अर्ज झाला होता. पंप पुढे घरीच मिळून आला. कोणताही गुन्हा शाबीत नाही. वागणूक चांगली. खाली सही, शिक्का. स्वच्छ, मुद्देसूद.

"वाचून दाखवा बरं," तो म्हणाला.

मी वाचलं. तो मान खाली घालून ऐकत होता, पूर्वी ओसरीसमोर ऐकायचा तसाच.

"बाई, याच्यात तुमाले मालूम होतं, हे कुठी हाय?"

काय सांगणार? की तसं लिहिलं तर खोटा अर्ज मीच लिहिला हे कबूल होतं? सनद जाऊ शकते? मी म्हटलं, "भाऊ, त्याची गरज नाई कागदात. सोयरिकीले एवढ्यानं काम होते."

त्याने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्याच्या डोळ्यांत, असता तर बरं झालं असतं.

"राहू द्या मंग," तो म्हणाला, कागदाची घडी केली, खिशात ठेवली, आणि पायऱ्या उतरून गेला. मुलीचं लग्न झालं असं पुढे कोणाकडून तरी कळलं. तो परत आला नाही, आणि मीही त्याला शोधायला गेले नाही.

त्या कागदात एक ओळ राहून गेली. कोर्टात आज तिचा काही उपयोग नाही, आणि ती लिहायला मला एवढी वर्षं लागली. पंप मी दुरुस्तीला टाकला होता. भाऊ बरोबर होता. पावती माझ्या वहीत होती. मला आठवत होतं.